शुद्धिपत्र

माझी 'पायऱ्या' ही कादंबरी 2019 च्या दिवाळीत प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यावर मला तीन अभिप्राय मिळाले. पहिला आमच्या मुख्याध्यापकांचा. त्यांनी पुस्तक हातावर तोलून पाहिले आणि "छान! सवडीने वाचतो," असे म्हणून कपाटात ठेवले. ते अजून त्या कपाटातच आहे. दुसरा माझ्या मेव्हण्यांचा. त्यांना कागद फार आवडला. तिसरा आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. तो त्यांनी तोंडाने सांगितलाच नाही. शाळेच्या वहीचा एक जोडकागद, त्यावर पट्टीने आखलेले चार रकाने, रकान्यांच्या माथ्यावर पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार शब्द आणि खाली एकेचाळीस नोंदी. एवढा ऐवज त्यांनी माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि ते हात धुवायला उठले.

आप्पा जुळारी होते. हा शब्द आता किती घरांत समजेल, कोण जाणे! छापखान्यात शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारा तो जुळारी, इंग्रजीत कंपोझिटर. मानवतच्या एका छापखान्यात त्यांनी तीस वर्षे लग्नपत्रिका, आडतीची पावतीपुस्तके, सप्त्याची हँडबिले आणि निवडणुकीची पत्रके जुळवली. खिळा उलटा असतो, म्हणून जुळाऱ्याला ओळ उलटीच वाचावी लागते. या सवयीने की काय, सरळ छापलेले काहीही समोर आले की आप्पांना आधी त्यातली चूक दिसे आणि मग मजकूर. आमच्याकडे लग्नपत्रिका आली, तर नवरानवरीची नावे कळण्याआधी 'आशीर्वाद' या शब्दातला रफार भलत्या अक्षरावर चढला आहे, हे आम्हांला कळायचे. लहानपणी मला याची मौज वाटे. मोठेपणी लाज वाटू लागली. माझ्या सासऱ्यांनी हौसेने छापून आणलेली पत्रिका या गृहस्थांनी लाल पेन्सिलीने तपासून परत पाठवली होती, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

तर त्या कागदावरची पहिली नोंद अशी होती: मुखपृष्ठ; ओळ 1; पायर्या; पायऱ्या.

म्हणजे पुस्तकाच्या नावालाच ठेच लागलेली! आणि ही चूक छापखान्याची नव्हती, कारण मुखपृष्ठ मी स्वतः केले होते. कादंबरी एका बारवेभोवती फिरते. सेलू तालुक्यातल्या वालूरला चक्राकार बारव आहे. तिच्या पायऱ्या सरळ खाली उतरत नाहीत. वळत वळत पाण्याकडे जातात. वरून पाहिले तर एखाद्याने मोठा शंख जमिनीत उलटा रोवल्यासारखी दिसते. तिचा फोटो मी काढला आणि संगणकावर 'गिंप' नावाच्या प्रोग्रॅममध्ये तो साफसूफ केला. काठावर माजलेली झुडपे काढली. पाण्यावर तरंगणारी एक प्लास्टिकची पिशवी शेजारच्या पाण्याचाच तुकडा वर चढवून झाकली. बारव पुढे गावकऱ्यांनी साफ केली. चित्रात ती मी आधीच केली होती. मग वर नाव लिहायला घेतले, आणि नाव काही केल्या 'पायर्या' असेच येई. चूक मला दिसत नव्हती असे नाही. मी चित्रकला आणि मराठी शिकवतो. मला ती दिसत होती. पण छापणाऱ्याने उद्याची मुदत दिली होती, रात्रीचे बारा वाजले होते, आणि मी मनाशी म्हटले, संगणकाला मराठी येत नाही, त्याला आपण तरी काय करणार? पाचशे प्रती तशाच निघाल्या.

तेच मी आप्पांना सांगितले.

"संगणकात तसला अर्धा र नाही, आप्पा."

"नाही कसा? आमच्या केसमध्ये त्याला वेगळं घर होतं की."

"ती खिळ्यांची केस. हा संगणक."

"मंग त्याच्यात 'शेतकऱ्यांचा' कसं लिव्हतेत?"

मी हसून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी सेलूच्या बाजारात एक मोठा फलक पाहिला. त्यावर 'शेतकर्यांच्या हितासाठी' असे वीतवीत लांबीच्या अक्षरांत लिहिले होते. तेव्हापासून हे खूळ माझ्याही डोक्यात शिरले. जिथे पाहावे तिथे शेतकरी आणि वारकरी अनेकवचनी झाले की त्यांच्या डोक्यावर रफार बसलेला! परभणीसारख्या जिल्ह्यात, जिथे दर दुसऱ्या फलकावर शेतकऱ्यांची आठवण काढली जाते आणि गंगाखेडची जनाबाई जिथली, तिथे हे दोन शब्द धड लिहिता येऊ नयेत!

हा फरक नुसता वळणाचा नाही. आप्पा छापखान्यात नव्याने येणाऱ्या पोराला एकच उदाहरण देत. 'आचार्यास दक्षिणा द्या' आणि 'आचाऱ्यास दक्षिणा द्या'. पहिल्या वाक्यात पैसे गुरुजींना जातात, दुसऱ्यात स्वयंपाक्याला. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. एवढ्या मोठ्या पाण्याला डोंगरात नेऊन ठेवणारी ती एक लहानशी आडवी कोर आहे.

2021 साली आप्पा गेले. तो कागद मी शब्दकोशात घालून ठेवला होता. खरे सांगायचे तर घालून ठेवला होता की लपवला होता, हे मला तेव्हा नक्की सांगता आले नसते. पोराची पहिली कादंबरी. तिच्याबद्दल एक बरा शब्द नाही आणि एकेचाळीस चुका! शेवटची नोंद तर मी एकदा वाचून पुन्हा कधी वाचली नव्हती.

यंदा दुसऱ्या आवृत्तीचा योग आला. तीनशेच प्रती, पण आवृत्ती ती आवृत्ती. त्याच सुमारास, म्हणजे मार्च 2025 मध्ये, गिंपचीही नवी, तिसरी मोठी आवृत्ती निघाली. तिच्या आधीची 2.10 एप्रिल 2018 ची. मधे जवळजवळ सात वर्षे गेली. इतका वेळ का लागावा, असे मला वाटले. मग त्या मंडळींची हकिकत वाचली आणि वाटणे बंद झाले. 1995 मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोघा विद्यार्थ्यांनी हा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि पुढच्याच वर्षी तो लोकांसाठी खुला केला. नुसता फुकट दिला असे नव्हे. त्याची आतली सगळी जुळणी कोणीही उघडून पाहावी, बदलावी, बदललेली दुसऱ्याला द्यावी, अशी मोकळीक ठेवली. ते दोघे पुढे दुसऱ्या कामांना लागले. तेव्हापासून जगभरची माणसे, बहुतेक जण आपापली पोटाची कामे सांभाळून, तो चालवत आहेत. आपल्याकडच्या बारवेसारखेच हे. बांधणारा निघून जातो. पाणी भरणारे पुष्कळ असतात, आणि गाळ काढायला उतरणारे थोडे.

नव्या आवृत्तीत मी पुन्हा नाव लिहिले. पुन्हा 'पायर्या'! आता मात्र माझा तोल गेला. या प्रोग्रॅमची एक सार्वजनिक तक्रारवही आहे. तिच्यात कोणीही चूक नोंदवू शकतो आणि नोंद सगळ्यांना वाचता येते. माझे इंग्रजी, आप्पांच्या भाषेत सांगायचे तर, मॅट्रिकचे. म्हणून बारावीतल्या लेकीला शेजारी बसवले आणि सांगू लागलो: "लिही. तीस वर्षं झाली, तुम्हांला अजून मराठी येत नाही? आम्ही दहा-बारा कोटी माणसं..."

"बाबा, असं लिहिलं तर आपल्याला उत्तर कोण देईल?" ती म्हणाली. "आणि इथं तसं लिहायला जागाच नाही. इथं रकाने आहेत."

रकाने होते खरे. प्रोग्रॅमची आवृत्ती कोणती? संगणक कोणता? चूक पुन्हा घडवून आणायची असेल तर काय काय करावे, ते क्रमाने सांगा. काय व्हायला हवे होते? प्रत्यक्षात काय झाले?

"क्रमाने म्हणजे?" मी विचारले.

"म्हणजे पायऱ्या," लेक म्हणाली. "स्टेप्स."

मी उठलो आणि शब्दकोश काढला. पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. कुठे, नेमके कुठे, काय झाले, काय व्हायला हवे होते. मानवतच्या छापखान्यातल्या माणसाने पट्टीने आखलेले चार रकाने आणि साता समुद्रांपलीकडच्या मंडळींनी आखलेले हे रकाने यांत रेघेचाही फरक नव्हता. आपल्या जुन्या पुस्तकांच्या शेवटी शुद्धिपत्र असायचे, ते वाचक कधी वाचत नसत. मीही त्याला छापखान्याची माफी समजत आलो होतो.

चुकीला या लोकांच्या बोलीत 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. 1947 च्या सप्टेंबरात हार्वर्ड विद्यापीठातल्या 'मार्क 2' या गणकयंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला आणि तो तिथल्या नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. शब्द मात्र त्याहून जुना. एडिसनच्या काळीही यंत्राच्या बिघाडाला तो वापरत. आम्हां परभणीकरांना किडा समजावून द्यावा लागत नाही. 2017 च्या गुलाबी बोंडअळीने ते शिक्षण पुरे केले आहे. त्या सुमारास मी माझ्या चुलत्यांबरोबर परभणीच्या कृषी विद्यापीठात गेलो होतो. चुलते हातात बोंडांची फांदी घेऊन एवढेच म्हणाले, "साहेब, कापूस बिघडला." समोरच्या गृहस्थांनी फांदी हातातही घेतली नाही. आधी विचारले: लागवड कधीची? वाण कोणता? पाणी किती दिलं? फवारा कोणता, कितव्या दिवशी? चुलते चिडले. "मी दुखणं सांगायला आलो, हे माझी परीक्षा घेतेत!" बाहेर आल्यावर मीही त्यांचीच बाजू घेतली होती.

सायमन टॅथम नावाच्या एका इंग्रज प्रोग्रॅमरने 1999 मध्ये तक्रार कशी करावी यावर एक लेख लिहिला आहे. त्याचे सांगणे थोडक्यात असे: तुम्ही काय केले आणि काय पाहिले ते सांगा, आपले तर्क वेगळे ठेवा, 'चालत नाही' एवढे म्हटल्याने कोणालाच काही कळत नाही. मी तर 'संगणकाला मराठी येत नाही' हा तर्क सहा वर्षे वस्तुस्थिती म्हणून सांगत फिरत होतो.

असो. आम्ही रकाने भरू लागलो. चौथ्या पायरीपाशी लेकीने विचारले, "बाबा, तुम्ही कोणती अक्षरं दाबलीत?"

"र, पाय मोडायचं चिन्ह, मग य, मग काना."

"मग ते 'र्या'च येणार ना! तुम्ही जे दाबलं तेच त्यानं दाखवलं."

मी गप्प झालो. शोधता शोधता असे आढळले, की ती आडवी कोर एका परक्या अक्षराच्या आड दडवलेली आहे. नागरी लिपीत ऱ असे, खाली टिंब असलेले अक्षर संगणकासाठी ठरवलेले आहे. मराठीच्या वर्णमालेत हे पूर्ण अक्षर नाही. दाक्षिणात्य भाषांतला एक वेगळा र नागरीत लिहिण्यासाठी ते आहे. पण त्याचाच पाय मोडून पुढे य किंवा ह जोडला, की आपली कोर तयार होते. इन्स्क्रिप्टच्या कळफलकावर जी कळ र ची, तीच शिफ्ट धरून दाबली की हा ऱ येतो. आप्पांनी म्हटले होते, त्याला वेगळे घर होते. घर इथेही होते. र च्याच माडीवर! मी खालच्या मजल्यावर कडी वाजवून 'कोणी नाही' असे सगळ्यांना सांगत होतो.

शिफ्ट धरली, कळ दाबली, आणि पडद्यावर 'पायऱ्या' उमटले. तक्रार न पाठवताच मिटली. रकान्यांनीच ती मिटवली, असे म्हणणे अधिक खरे होईल.

पुढे आठवडाभर मी ती तक्रारवही चाळत बसलो. (सुट्टी होती, शिवाय दुसऱ्यांच्या तक्रारी वाचण्यात एक सुख असतेच.) सगळ्याच तक्रारी काही मान्य होत नाहीत. पूर्वी गिंपच्या खिडक्या पडद्यावर इतस्ततः पसरत; लोकांनी वर्षानुवर्षे त्रागा केला, तेव्हा मे 2012 च्या 2.8 या आवृत्तीत सगळे एका चौकटीत ठेवण्याची सोय झाली. त्याच आवृत्तीत चित्र 'जतन' करायचे म्हटले की ते गिंपच्या स्वतःच्या प्रकारातच जतन होऊ लागले. नेहमीच्या प्रकारात हवे असेल तर 'निर्यात' करा. यावर केवढा ओरडा झाला! पण करणारे हटले नाहीत, आणि मला त्यांचेच बरोबर वाटते. आमचीही मुले दरवर्षी रीत न लिहिता नुसते उत्तर लिहू द्या म्हणतात. आणखी एक तक्रार नावाची. इंग्रजीत या नावाचा एक अर्थ लंगड्या माणसाला हिणवणारा आहे. नाव बदलायला मंडळी तयार झाली नाहीत, म्हणून 2019 मध्ये काहींनी तोच प्रोग्रॅम 'ग्लिम्प्स' या नावाने वेगळा काढला. तो 2021 मध्ये थांबला. इथे माझे मत तक्रार करणाऱ्यांकडे झुकते. शाळेत एखाद्या पोराला टोपणनाव पडते तेव्हा 'आम्ही प्रेमाने म्हणतो' असेच सगळे सांगतात.

ल आणि श यांचे कोडेही याच चाळण्यात सुटले. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा, असे 2022 च्या शासन निर्णयातही सांगितले आहे. मुलांच्या वहीत आम्ही त्याचा आग्रह धरतो आणि शाळेच्या फलकावर मात्र हिंदी वळणाचे ल आणि श लावतो. गिंपमध्ये मजकूर लिहिण्याच्या अवजाराला भाषा कोणती ते सांगण्याची सोय आहे. अक्षरसंचात दोन्ही वळणे भरलेली असतील, तर तिथे मराठी निवडताच ल आणि श आपले रूप बदलतात. मी हे शाळेत करून दाखवले, तेव्हा सातवीतली मुले जादूचा प्रयोग पाहावा तशी ओरडली.

शेवटी एक तक्रार मात्र मी खरोखर पाठवली. ती गिंपची नव्हे. असाच सर्वांना खुला असलेला एक अक्षरसंच आहे. त्यात ऱ्या नीट येतो, पण ऱ्हा लिहिला की कोर आणि ह यांच्यात फट पडते. गिंपच्या वहीने जी शिस्त लावली होती, तीच इथे चालवली. कोणती आवृत्ती, कोणती अक्षरे, कोणत्या क्रमाने, काय दिसले, काय दिसायला हवे. रागाचे एकही वाक्य नाही. लेकीला भाषांतर करायला काही अडचण पडली नाही. 'काय दिसायला हवे' यासाठी नमुना जोडायचा होता. आप्पांच्या कागदावर सतरावी नोंद आहे: पान 52, ओळ 9, आणि शुद्धच्या रकान्यात त्यांच्या हातचा 'गाऱ्हाणे' हा शब्द. जुळाऱ्याचे अक्षर, प्रत्येक वळण खिळ्यासारखे. त्याच शब्दाचा फोटो जोडला. आठवड्याने कोणी एकाने उत्तर पाठवले: आभार, ती कोर ह च्या रेघेला चिकटते की पोटाला? मी भिंग घेऊन पाहिले आणि कळवले. नोंद अजून उघडी आहे. फट आहे तशीच आहे. पण कोणीतरी कुठेतरी आप्पांच्या ऱ्हा कडे बारकाईने पाहिले, एवढे मला ठाऊक आहे.

त्यानंतर मी कागदावरच्या नोंदी एकामागून एक दुरुस्त करीत गेलो. कुठे वेलांटी, कुठे अनुस्वार. एका ठिकाणी गोदावरी मी गावाच्या भलत्या बाजूने नेली होती, तीही त्यांनी पकडली होती. ज्यांचे वाचन नाही असे मी समजत होतो, त्यांनी माझी दोनशे पाने ओळी मोजत वाचली होती. चाळीस नोंदी झाल्या.

एकेचाळिसावी नोंद पान 87, ओळ 14 ची. कादंबरीत एक म्हातारा जुळारी आहे. त्याच्याबद्दल मी लिहिले होते: 'त्याने जन्मभर अक्षरे जुळवली; वाचले मात्र काहीच नाही.' आप्पांनी ते सबंध वाक्य, अर्धविरामासकट, अशुद्धच्या रकान्यात उतरवून काढले आहे. शुद्धचा रकाना कोरा आहे.

तक्रारवहीत अशी नोंद आली, तर मंडळी उलट विचारतात: काय व्हायला हवे होते, ते कृपया कळवा.

परवा छापखान्यातून फोन आला. "सर, बाकीच्या दुरुस्त्या झाल्या. सत्त्याऐंशी पानाचं काय करायचं? वाक्य ठेवायचं का काढायचं?"

"दोन दिवस थांबा," मी म्हणालो.

"मुखपृष्ठ तरी पाठवून द्या. ते झालं ना?"

ते झाले होते. ते मी त्याच रात्री पाठवले.